ईनाच्या पोटातलं लोखंड

धक्क्याजवळच्या बोटी बांधायच्या शेडमध्ये त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. शेजारच्या चार बेटांवरून दोन धोणी होड्या भरून माणसं आली होती. सकाळपासून उपाशी, उन्हाने भाजलेली, बहुतेक बायकांच्या कडेवर पिवळट चेहऱ्याचं एखादं मूल. शेडच्या मधोमध चटईवर ईना उताणी पडली होती. वय बारा, दिसायला आठची. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र टरटरून फुगलेलं. त्या पोटावर बाहेरून आलेला वैदू आदम मणिकू सावकाश काळपट लेप चोळत होता.

"राजधानीचे, मालेचे डॉक्टर काय म्हणाले रे जलील? मोठ्याने सांग. मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

ईनाचा बाप जलील पोरीच्या उशाशी बसला होता. नेळुफुशी बेटावरच्या झाडून सगळ्या बोटींची इंजिनं त्याच्या हाताखालून गेलेली. भल्याभल्यांना दटावणारा माणूस, पण इथे आवाज पडलेला.

"म्हणाले, हिच्या यकृतात लोखंड साठलंय. हृदयातसुद्धा."

"आणि ते आलं कुठून?"

"रक्तातून. दर महिन्याला बाहेरचं रक्त देतात, त्यातून."

"ऐकलंत?" मणिकूने लेपाचे हात पसरले. "मी नाही म्हणत हो, डॉक्टर म्हणतोय. एका सुईने लोखंड भरायचं, दुसऱ्या सुईने काढायचं. म्हणजे होडीला आधी भोक पाडायचं आणि मग पाणी उपसायला आपलाच मेव्हणा नोकरीला ठेवायचा."

लोक हसले. मणिकूलाही हसू आलं, पण त्याने ते लगेच पुसलं. "परवा काजीसाहेबांनी विचारलं, मणिकू, ही जादू तर नव्हे? म्हटलं, साहेब, जादू करायला मी काय शिकला-सवरलेला माणूस आहे? मी आपली लोहारकी करतो. लोहार भट्टीत लोखंड घालतो, मी भट्टीतून काढतो. बस."

मग त्याने कापडातून दगड काढला. तळहाताएवढा, गोल, काळा कुळकुळीत. तो आभाळातून समुद्रात पडला आणि सात वर्षं प्रवाळात रुतून होता, असं तो सांगायचा. कधी सात, कधी सतरा. दगड ईनाच्या बरगड्यांखाली टेकवून तो पुटपुटत गोल गोल फिरवू लागला. पोरीने डोळे घट्ट मिटले. थोड्या वेळाने त्याने दगड उचलला आणि उलटा करून लोकांसमोर धरला.

दगडाला लव फुटली होती. लोखंडाचे बारीक बारीक काळे केस, ताठ उभे.

शेडमधून एक लांब सुस्कारा गेला. मणिकूने पांढऱ्या वाडग्यातल्या नितळ पाण्यात दगड खळबळला. पाणी बघता बघता तांबडं झालं, जुन्या नांगरावरून गळतं तसं.

"गंज," तो हळूच म्हणाला. "पोरीच्या काळजावरचा गंज आहे हा."

ईनाची आई नाहुला ओढणीआड रडत होती. पुढच्या बायका आपापली मुलं घेऊन चटईकडे सरकू लागल्या.

शेडच्या दाराशी अफीफा उभी होती. बेटावरच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. ईना तिच्याच वर्गात. शेजारी तिची आई सकीना. सकीनाने तिला कोपराने ढोसलं. "बघितलंस ना आता डोळ्यांनी?"

"बघितलं."

"मग?"

अफीफाला स्वतःलाही ईनाचाच आजार होता, थॅलसेमिया. या बेटांवर तो घरोघरी ठाऊक आहे. पोराचं शरीर धड रक्त बनवू शकत नाही, म्हणून दुसऱ्याचं रक्त चढवायचं, जन्मभर, दर तीन-चार आठवड्यांनी. ते रक्त जुनं झालं की त्यातलं लोह मागे उरतं. ते बाहेर टाकायची सोय शरीराला नाही. मग ते यकृतात साठतं, स्वादुपिंडात साठतं, शेवटी हृदयात. अफीफा सहा वर्षांची असल्यापासून आठवड्यातून पाच दिवस, दिवेलागणीला, पोटाच्या कातडीत बारीक सुई खुपसून घेत होती. कमरेला छोटा पंप बांधायचा आणि त्यातून थेंबाथेंबाने औषध आत जाऊ द्यायचं. औषध लोह पकडतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. सकाळी लघवी विटकरी रंगाची झाली की समजायचं, आज काम झालं. तिच्या पोटावर गाठी झाल्या होत्या, सुई टोचायला कोरी जागा शोधावी लागे.

ती सत्तावीस वर्षांची झाली होती. तिचा थोरला भाऊ शाहीम सोळाव्या वर्षी गेला. त्याच्या वेळी रक्त मिळायचं, पण लोह काढणारं औषध बेटापर्यंत पोचत नव्हतं. शेवटी शेवटी त्याची कातडी शिशासारखी करडी झाली होती.

"मी एक पोर पुरलंय, अफी," घरी जाताना सकीना म्हणाली. "दुसऱ्यासाठी मला त्या दगडाच्या पाया पडावं लागलं तरी मी पडेन. तुझं विज्ञान तुझ्यापाशी ठेव."

मणिकू दमडी घेत नव्हता, हे त्याचं मोठं बळ होतं. लोक त्याला सुके मासे, सिगारेटी, नीरफणस आणून देत. जलीलने आपल्या कारखान्यामागची खोली त्याला राहायला दिली होती, आणि बेटोबेटी सेवेला जाता यावं म्हणून त्याच्यासाठी एक जुनं इंजिन तो नव्याने जोडत होता. असा पैसे न घेणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असं सगळे म्हणत.

उपचार सुरू झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात मणिकूने सांगितलं, दगड रुसलाय. मी एका बाजूने काढतोय आणि तुम्ही दुसऱ्या बाजूने भरताय. मग मी कशाला घाम गाळू? रक्त बंद करा. सुया बंद करा. त्या शुक्रवारी नमाजानंतर अकरा घरांतली माणसं धक्क्यावर जमली आणि त्यांनी मुलांचे पंप समुद्रात सोडले. मालेला नावनोंदणी करून, महिनोन् महिने वाट पाहून मिळालेले पंप. जलीलने पहिला टाकला. पंप पडला तिथे पाणी स्वच्छ होतं, तळाशी पांढऱ्या वाळूत तो कितीतरी वेळ दिसत राहिला. मुलं वाकून बघत होती. त्यांना आनंद झाला होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. सुईतून सुटका झाल्यावर कुठल्या मुलाला आनंद होणार नाही?

पाचव्या आठवड्यात अफीफा स्वतः मणिकूच्या चटईवर जाऊन झोपली.

पुढे तिला कुणी विचारलं, तर ती सांगायची की लबाडी पकडायला गेले होते. ते अर्धंच खरं होतं. एकवीस वर्षं सुया टोचून घेतलेल्या माणसाच्या मनात एक कोपरा असा असतो, जिथे शिकलेलं सगळं गळून पडतं. त्या कोपऱ्याने तिला चटईवर नेलं. सकीना उशाशी बसून तिच्या केसांवरून हात फिरवत होती. मणिकूने लेप चोळला. तो थंड होता, खोबरेल तेलाचा वास येत होता. दगड फिरला, उचलला, त्याच्यावर काळी लव होती. आणि अफीफाला खरोखर हलकं वाटलं. छातीवरून कुणीतरी हात काढून घ्यावा तसं.

"बाईंचं लोखंड शिकलेलं आहे," मणिकू म्हणाला. "लवकर बाहेर येत नाही, आधी प्रश्न विचारतं." शेडमध्ये हशा पिकला. अफीफाही हसली.

घरी येऊन तिने कपडे बदलले. कुर्त्याला लेप लागला होता, बाहीला आणि पोटाशी. तिने बादलीत पाणी घेतलं, डागांवर साबण घासला, आणि हात थांबला. काळ्या डागाच्या कडा लालभडक झाल्या होत्या.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. स्वयंपाकघरात वाढलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. अफीफा ओसरीवर बसली. लेपात हळद होती. काळा रंग करवंटीच्या कोळशाचा असणार, हळद दिसू नये म्हणून. मग वाडग्यातलं ते नितळ पाणी? त्यात पानाचा चुना कालवून निवळी वरची वर काढून घेतली असेल, तर हळदीचा दगड बुडवल्यावर ते गंजासारखं लाल होणारच.

ती शाळेत गेली. प्रयोगाच्या कपाटातलं लोहचुंबक घेऊन आली आणि बादलीच्या तळाशी फिरवलं. काळी लव. मग तिने कुर्त्याच्या बाहीवरून फिरवलं. दगड बाहीला लागलाच नव्हता, तिथे फक्त मणिकूचा लेपाचा हात लागला होता. तिथेही लव आली. लोखंड तिच्या पोटातून आलं नव्हतं. ते लेपातूनच तिच्या पोटावर आलं होतं, आणि मणिकूचा दगड ते पुन्हा उचलून घेत होता. दगड कसला, डांबर फासलेलं लोहचुंबक.

तिला राग आला तो आधी स्वतःचा. मघाशी हलकं वाटलं होतं ते कुठे गेलं, ते तिने शोधून पाहिलं. ते अजून थोडं शिल्लक होतं, याची तिला जास्त लाज वाटली.

संध्याकाळी ती जलीलच्या घरी गेली. सगळं सांगितलं, ओला कुर्ता दाखवला. जलील ऐकून घेत होता. मग म्हणाला, "झालं तुझं?"

"जलीलबे," ती म्हणाली. बेटावर थोरल्यांच्या नावाला आदराने 'बे' लावतात. "ईनाला पाच आठवडे रक्त नाही मिळालं. हे तरी—"

"तू सत्तावीस वर्षांची झालीस. तुझं तुला मिळालं. माझ्या पोरीची वेळ आली तेव्हा बरा तुला साबण आठवला."

"मी खोटं कशाला बोलेन?"

"खोटं नाही बोलत तू. तुझा दगडावर विश्वास नाही म्हणून तुला हळद दिसते." तो उठला. "आणि तूच झोपली होतीस ना चटईवर? सगळ्या बेटाने बघितलं. आज एक आणि उद्या एक, असं नको करूस."

नाहुला दाराआड उभी होती. अफीफाने आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला सांगितलं. ती दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा दार उघडलं नाही. मालेच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, मुलीला ताबडतोब घेऊन या. कोण आणणार? सकीना अफीफाच्या पाया पडली, म्हणाली, बेटावर राहायचंय आपल्याला, तू तुझं रक्त घे, तुझा पंप लाव, दुसऱ्याच्या घरात शिरू नकोस. आणि अफीफा गप्प बसली. एक आठवडा, दोन, चार. मधे ती मालेला जाऊन स्वतः रक्त घेऊन आली. त्या चार आठवड्यांचा हिशेब तिने पुढे कधीही कुणाला नीट दिला नाही.

नवव्या आठवड्यात ईना शाळेत यायची बंद झाली. अफीफा मधल्या सुट्टीत तिच्या घरी गेली तेव्हा जलील कारखान्यात होता. नाहुलाने तिला आत घेतलं. अंगणातल्या काथ्याच्या जाळीच्या खुर्चीत ईना टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक, मानेची शीर उडताना दिसत होती. पाऊल सुजलेलं. अफीफाने अंगठ्याने दाबलं तर खळगा पडला आणि तसाच राहिला.

"मिस, एक विचारू?" ईना दोन शब्दांमध्ये थांबून बोलत होती. "माझं लोखंड निघतंय ना रोज?"

"कोण म्हणालं?"

"मणिकूबे. वाडगाभर निघतं." ती थांबली. "मग मी जड का होतेय? मला पाय उचलत नाहीत."

नाहुला भिंतीकडे तोंड करून उभी होती. "तो म्हणतो, शेवटचं लोखंड निघताना असंच होतं," ती म्हणाली. "म्हणतो, फिकट होणं चांगलं."

"आणि तुला काय वाटतं, नाहुला?"

"मला वाटून काय होतंय? पोरगी रक्तावाचून मरतेय हे मला दिसतं. बोलले तर म्हणतात, तुझ्यामुळे दगड रुसेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मासेमारीच्या बोटी लागल्या. अफीफाने धक्क्यावरून हातभर लांबीचा ताजा ट्यूना घेतला. शेडमध्ये माणसं जमत होती. जलील चटई झटकत होता. मणिकू अजून लेप कालवत होता. अफीफाने चटईवर केळीचं पान पसरलं आणि मासा त्यावर ठेवला.

"हे काय?" जलील म्हणाला.

"आज माझा रुग्ण आधी."

मागून कुणीतरी खुसखुसलं. मणिकू पुढे आला. "बाई, मासा मेलेला आहे. त्याला उशीर झाला."

"म्हणूनच आणला. त्याला दुखणार नाही." अफीफाने सुरीने माशाचं पोट फाडलं, काळीज बाहेर काढून पानावर ठेवलं. पानावर दाट काळपट रक्त पसरलं. "रक्ताला लाल रंग येतो तो लोहामुळे. माणसाच्या तसं माशाच्या. या काळजात लोह खच्चून भरलंय. मणिकूबे, तुमच्या दगडाने एवढं काढून दाखवा. लेप न लावता."

"दगड माशांसाठी नाही."

"बरं. मग माझा वापरते." तिने पिशवीतून एक गोल काळा दगड काढला. शाळेतल्या लोहचुंबकाला तिने डांबर फासलं होतं, त्यामुळे तो मणिकूच्या दगडासारखाच दिसत होता. लोक पुढे वाकले. तिने तो काळजावर ठेवला, गोल फिरवला, रक्तात बुडवला, उचलला. दगडावर रक्त होतं, बाकी काही नाही. "पाण्यात विरघळलेलं मीठ चिमटीत येतं का? शरीरातलं लोह तसं असतं, मांसात मिसळलेलं. ते खिळ्यासारखं नसतं. जगातल्या कुठल्याही दगडाला ते चिकटत नाही."

मग तिने डबी उघडली. "आता हा लेप. करवंटीचा कोळसा, हळद, खोबरेल, आणि जलीलबेंच्या कारखान्याच्या दारातून सकाळी झाडून घेतलेला लोखंडाचा कीस." तिने लेप माशाच्या अंगाला चोळला. दगड फिरवला. उचलला.

दगडाला काळी लव फुटली होती.

अफीफाने सोबत आणलेल्या पांढऱ्या वाडग्यातल्या नितळ पाण्यात दगड खळबळला आणि पाणी तांबडं झालं.

पुढच्या रांगेत पान चघळत बसलेली एक म्हातारी होती, दुसऱ्या बेटावरून नातवाला घेऊन आलेली. तिने वाडग्यात बोट बुडवलं, वास घेतला, जिभेला लावलं. "चुना आहे," ती म्हणाली. "हळद नि चुना. साठ वर्षं पानाला चुना लावतेय मी." आणि मग बराच वेळ ती नातवाच्या तोंडाकडे बघत राहिली.

मणिकू बोलू लागला. तो म्हणाला, नक्कल कुणालाही करता येते. नकली सोनं असतं म्हणून खरं सोनं नसतं काय? तो म्हणाला, या बाईच्या अंगात शिक्षणाचा वारा शिरलाय. तो चांगलं बोलत होता, एक-दोघांनी मानाही हलवल्या. पण जलील त्याच्याजवळ येऊन उभा राहिला होता.

"दगड द्या जरा."

"अपवित्र होईल तो. तू आंघोळ—"

"द्या."

जलीलने खिशातला पाना काढला आणि दगडाजवळ नेला. पाना त्याच्या हातातून निसटून खाटकन दगडाला चिकटला. तो त्याने ओढून काढला, पुन्हा जवळ नेला, पुन्हा चिकटला. मग त्याने दगड बोटीच्या फळीवर ठेवला आणि हातोडीचा एकच घाव घातला. डांबराचे तुकडे उडाले. आतून राखाडी कडं निघालं, मध्ये गोल भोक. जुन्या कर्ण्याच्या पाठीमागे असतं तसलं लोहचुंबक.

मणिकूवर कुणी हात उचलला नाही. जलीलने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो घराकडे धावत सुटला होता.

वेगवान लाँच मिळाली, तरी मालेला पोचायला पाच तास लागले. नाहुलाच्या मांडीवर ईनाचं डोकं होतं, जलील तिच्या पायांवर हात ठेवून बसला होता. अफीफा सोबत गेली. इस्पितळात रक्त तयार होतं, पण हृदय इतकं थकलेलं होतं की ते भरभर देता येईना; डॉक्टर तासाला चमचा-चमचा मोजून देत होते. दुसऱ्या दिवशी ईनाच्या ओठांवर थोडा रंग आला. तिने माशाचा पातळ रस मागितला, दोन घोट प्यायली. जलीलने बाहेर येऊन अफीफाला सांगितलं, "रस प्यायली." तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या हृदयाचे ठोके बिघडले, आणि डॉक्टरांना ते पुन्हा ताळ्यावर आणता आले नाहीत.

बाकीची दहा मुलं त्याच आठवड्यात मालेला गेली. त्यांना नवे पंप मिळायला वेळ लागला, पण मिळाले. मणिकू, दगड फुटला त्याच संध्याकाळी, बर्फ घेऊन आलेल्या बोटीतून निसटला होता. पोलीस चौकीत तक्रार झाली, कागद झाले. पुढे दक्षिणेकडून आलेल्या कोळ्यांनी सांगितलं, तसाच एक माणूस तिकडे लोकांच्या मूत्रपिंडातले खडे तोंडाने ओढून काढतोय. नाव वेगळं सांगतो.

ईनाला जाऊन चाळीस दिवस झाले आणि जलील शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, सदरा धुतलेला.

"मला ते शिकव," तो म्हणाला. "लेप किती, चुना किती, पाणी नितळ कसं ठेवायचं. सगळं."

"कशासाठी, जलीलबे?"

"तो बेटोबेटी जातो. मग मीही जाईन."

मणिकूसाठी जोडायला घेतलेलं इंजिन त्याने स्वतःच्या होडीला बसवलं. शाळेच्या सुट्ट्यांमध्ये अफीफा त्याच्याबरोबर जाऊ लागली. बेटावर उतरायचं, शाळेत नाहीतर समुद्रकाठच्या बैठकीत माणसं जमवायची, मासा मांडायचा. पहिल्या वेळी जलीलने वाडगा सांडला. पुढे त्याला सराव झाला. लव फुटलेला दगड तो उलटा करून दाखवायचा तेव्हा लोकांमधून तोच लांब सुस्कारा जायचा, आणि अफीफा खाली बघायची.

अशाच एका बेटावर, सगळी उकल करून झाल्यावर, मागच्या रांगेतला एक कोळी उठला. खवचट नव्हता, खरंच विचारत होता. "जलीलबे, राग मानू नका. तुम्ही जन्मभर लोखंडात हात घातलेत. तुम्हाला कसं कळलं नाही?"

अफीफाने हा प्रश्न मनात शंभरदा विचारला होता, तोंडाने कधीच नाही. ती म्हणाली, "आज एवढं पुरे." पण जलीलने हाताने तिला थांबवलं.

"कळलं होतं," तो म्हणाला. "पहिल्याच आठवड्यात. वाडगा ओतायला मीच जायचो. तळाशी किसात निळ्या रंगाची एक कपची दिसली. त्या दिवसांत माझ्याकडे एक निळी टाकी घासायला आली होती. कीस माझ्याच कारखान्यातला होता. पोरीच्या पोटात निळा रंग कुठून येणार?"

विचारणारा कोळी सावकाश खाली बसला.

"मी ती कपची नखाने बाजूला केली आणि पाणी वाळूत ओतलं. स्वतःला म्हटलं, रंग माझ्याच हाताचा लागला असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसली. मग मी तळाशी बघायचं सोडून दिलं." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "या बाईने येऊन सांगितलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. मला माहीत नसतं, तर कदाचित इतका ओरडलो नसतो."

नंतर तो बोलला ते अफीफाने शिकवलेलं नव्हतं.

"मणिकू गेला, उद्या दुसरा येईल. तो दगड आणणार नाही, आणखी काही आणेल. तो गोड बोलेल, पैसे घेणार नाही, डॉक्टरांचेच शब्द उलटे करून सांगेल. त्याला ओळखायची युक्ती माझ्याकडे नाही. एवढंच सांगतो, जे दिसतं ते बाजूला सारू नका. विचारा, लेपाशिवाय करून दाखव. विचारा, आमच्या पाण्यात करून दाखव. नाही म्हणाला की उठून घरी या. मुलांचं रक्त चुकवू नका, औषध एक दिवस चुकवू नका. सुई दुखते, पंपाचा कंटाळा येतो, मुलं रडतात, पण लोह त्यानेच निघतं, दुसऱ्या कशानेही निघत नाही. आणि लग्न ठरवण्याआधी दोघांचं रक्त तपासा; हा आजार आई आणि बाप, दोघांच्या रक्तातून मुलात येतो. मी आणि नाहुलाने तपासलं नव्हतं. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला मी सांगतोय. माझ्यावर विश्वास ठेवून ऐकू नका, इथे मासा आहे, दगड आहे, या आणि हाताने करून बघा."

मग खांबाला टेकून उभी असलेली एक तरुण बाई आली. तिच्या खांद्यावर दोन-अडीच वर्षांचं मूल झोपलं होतं, कान मेणासारखे पिवळे. तिने दगडाला हात लावला नाही, माशाकडेही पाहिलं नाही.

"मालेची बोट उद्या किती वाजता सुटते?" तिने विचारलं.

"साडेसहाला," जलील म्हणाला. "मी तांडेलाला सांगून ठेवतो. तुमची जागा धरेल तो."